आतडं कापायचं की नाही

परसाकडला गेलं की रक्त पडायचं. मूळव्याध असेल म्हणून बरेच दिवस ताक पीत बसले. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी खालून दुर्बीण घातली आणि आतड्यात उगवलेला मांसाचा एक कोंब तारेच्या फासात धरून काढला. दुखलं नाही. आदल्या दिवशीचं जुलाबाचं खारट औषध मात्र फार वाईट.

कोंबाच्या तपासणीत कॅन्सर निघाला. आता आतड्याचा तेवढा भागही कापायचा का, हे विचारायला आम्ही नवराबायको लासुर्ण्याहून परत पुण्याला गेलो. मालकांचं आधीच ठरलं होतं. उसात काणी रोगाचा काळा, चाबकासारखा शेंडा दिसला की आमच्याकडे नुसता शेंडा खुडत नाहीत, उसाचं सगळं बेट मुळ्यांसकट खणून जाळतात. तोच हिशेब त्यांनी मला लावला.

"सायब, शेंडा खुडून भागत न्हाय. मुळासकट काढा."

"पोट कुणाचं हाय?" मी म्हटलं.

"तू गप बस."

"बसते. तुमीच झोपा मग टेबलावर."

डॉक्टरांनी कागदावर कोंबाचं चित्र काढलं, अळंबीसारखं. कॅन्सर छत्रीत होता. दांडा कापला तिथवर तो पोचला नव्हता, रक्ताच्या नळ्यांत शिरला नव्हता, आणि जातही सौम्य होती.

"यातलं एक जरी उलटं असतं तर मी ऑपरेशनच सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता मागं काही राहिल्याची शक्यता थोडी आहे. आजींचं हृदय अशक्त आहे, ऑपरेशनचा धोका त्याहून जास्त."

"थोडी म्हंजी हायच की," मालक म्हणाले.

"आहे. म्हणून दुर्बीण अधूनमधून घालावी लागेल."

खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं. कापायचं नाही, असं मी तिथंच सांगून टाकलं.

परतताना एसटी बारामतीला थांबली. स्टँडवर भज्यांचा पुडा माझ्या हातात देऊन मालक म्हणाले, "आन् पुढं दुर्बिणीत काय दिसलं तर?"

"तर कापू. तवा मीच म्हणंन."

पुढच्या वेळी कोंबाच्या जागी पांढरट वण होता, दुसरं काही नाही. त्यानंतरही काही निघालं नाही. मालक मात्र दर खेपेला विचारायचे, "सायब, सगळीकडं नीट बगितलं न्हवं?"

"बघितलं, तात्या," डॉक्टर म्हणायचे.

मग आम्ही खानावळीत जायचो. आदल्या दिवसापासून उपाशी मी असायचे, पण ताट तेच आधी संपवायचे.