शब्दाला चाळीस

घोळ माझाच. माझा मामेभाऊ, आमचा दादा, पाट्या रंगवतो. त्याचं पहिलंवहिलं दरपत्रक मी लिहून दिलं आणि ‘अक्षराला चाळीस’ऐवजी ‘शब्दाला चाळीस’ लिहिलं. अक्षर म्हणजे पहिलीतलं वाटलं. शब्द कसा भारदस्त! घरात पदवीपर्यंत पोचलेला मी एकटा, त्यामुळे कोणी तपासलंही नाही. दादाने तर न वाचताच खाली वळणदार सही ठोकली. अक्षरं काढायची त्याला भारी हौस, वाचायचा कंटाळा.

दादा तेव्हा तेवीस वर्षांचा. सहा वर्षं एका म्हाताऱ्या पेंटरकडे, म्हणजे उस्तादांकडे, आधी ब्रश धुतले, मग अक्षरं भरली, आणि एका दुपारी ‘आता माझं मी बघतो’ म्हणून बाहेर पडला. जिन्याखालचा गाळा ठरवला. एक तारखेला भाडं आलं नाही तर किल्ली परत, असं मालकाने बजावलं होतं.

पहिलं काम मिळालं गाडी शिकवणाऱ्या संस्थेचं. तीन भिंती, तीन पाट्या, मजकूर एकच: ‘मोटारवाहनचालनप्रशिक्षणकेंद्र’. दादाने बोटांवर मोजलं. पंधरा अक्षरं, तीनदा, म्हणजे अठराशे. भाडं सुटलं! चार दिवस शिडीवर उभा राहून पिवळ्यावर काळी अक्षरं काढली, वर लाल सावली दिली. ‘क्ष’ तर असा वळवला की मीही थांबून बघितला.

संचालकांनी दरपत्रक चष्म्याजवळ धरलं आणि एकशेवीस मोजून दिले.

“साहेब, हे काय?”

“तीन पाट्या, तीन शब्द.”

“अहो, हा एक शब्द? वाचताना दम लागतो!”

“सामासिक शब्द आहे. शाळेत शिकवला नाही?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. व्याकरणात मला पैकीच्या पैकी. शब्द एकच होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मध्ये जागा सोडली असतीस तर पाच तरी झाले असते.”

“तू आता एक शब्द बोलू नकोस,” दादा म्हणाला. “चाळीस पडतील.”

एक तारखेला किल्ली गेली. दोन तारखेला दादा उस्तादांच्या दारात.

“या मालक,” उस्ताद म्हणाले आणि ब्रशांची बादली पुढे सरकवली. सहा वर्षं घासून माणूस पुन्हा बादलीपाशी!

आता उस्तादांकडेही तो गिऱ्हाइकासमोर मजकुराची अक्षरं मोठ्याने मोजतो, एकूण रक्कम लिहून सही घेतो, मगच ब्रश बुडवतो. मी लिहिलेला कागद मात्र आत विंचू असल्यासारखा धरतो.

त्या पाट्यांसाठी उधार आणलेल्या रंगाचे रंगवाल्याकडे दोनशे दहा थकले होते. दादा म्हणाला, चूक तुझी. मी म्हटलं, सही तुझी. शेवटी निम्मे निम्मे ठरले. त्याने त्याचे देऊन टाकले. परवा रंगवाला दारात येऊन विचारत होता, “शिकलेले भाऊ आहेत का घरी?”

“आहेत ना,” दादा ओरडला, “दाराआड उभे आहेत.”