फोटोत नसलेले डोळे

डोळे मी शेवटी काढते. कुणी शिकवलेलं नाही, सवय लागून गेली आहे. आधी कपाळ, हनुवटी, कानाची पाळी, साडीचा काठ. डोळे आधी काढले की ते माझ्याकडे बघत बसतात आणि बाकीचं काम त्यांच्या देखत करावं लागतं. मला ते जमत नाही. तशी मी माणसांशीसुद्धा खाली मान घालूनच बोलते. घरात माझ्या या स्वभावाला 'शांत' म्हणतात, आणि मीही ते चालवून घेतलं आहे.

विद्यानगरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. मी कुणाच्या नोकरीत नाही, चित्राचं जे काम येईल ते घेते. गेल्या वर्षभरात एका तेलुगू बालपुस्तकासाठी कासव काढलं. 'अजून थोडं गोड करा, अजून थोडं' असं करत करत ते शेवटी पाय फुटलेल्या इडलीसारखं दिसायला लागलं, तेव्हा पास झालं. कोठीतल्या एका दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीसाठी हसऱ्या दाढा काढल्या. एका लग्नपत्रिकेवर वरात काढली, तर नवरदेवाच्या काकांनी निरोप पाठवला की घोडा नवऱ्यापेक्षा देखणा झालाय, त्याचं काहीतरी करा. आणि अधूनमधून गेलेल्या माणसांची चित्रं. मोबाइलमधल्या फोटोंवरून चेहरा जुळवून मी मोठं चित्र करून देते, वर्षश्राद्धाला ते भिंतीवर लागतं.

मला लिहायचं आहे ते अशाच एका चित्राबद्दल.

काम घेऊन आली ती आमच्याच इथल्या मराठी लोकांतली, हायटेक सिटीत नोकरी करणारी तिशीतली मुलगी. तिची आई गेली होती. वडील कोठीच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या घरात मुलाजवळ राहतात. इथे आपली माणसं मोजकीच, कुणाच्या ना कुणाच्या बारशात आम्ही एकमेकींना पाहिलं असणारच.

"ताई, आधी ते एआयने करून बघितलं," ती म्हणाली. "आईच्या जागी कुणीतरी हिरॉइनच आली. भाऊ म्हणाला, बाबांना दाखवू नको, खूश होतील."

ती हसली आणि हसता हसता तिचं नाक लाल झालं.

तिने फोटो पाठवले ते मी एकेक करून मोठे करून पाहिले. तिची आई प्रत्येक फोटोत होती आणि एकातही नव्हती. कुठे नातवाच्या शर्टाची गुंडी लावत होती, कुठे वाढत होती, कुठे ओळीच्या टोकाला उभी राहून पायांकडे बघत होती. एका फोटोत समोर तोंड होतं, तर चष्म्यावर फ्लॅश चमकलेला. कपाळ मिळालं, ओठ मिळाले, गळ्यातलं मंगळसूत्र मण्यांसकट मिळालं. डोळे कुठेच नव्हते.

मी फोन करून विचारलं, "आई कशा बघायच्या?"

"बघायची म्हणजे..." ती थांबली. "बघायची की. आईसारखी."

पुढे काय झालं ते मी स्वतःला बरेच दिवस वेगळं सांगत होते. हात आपोआप वळला, मनात असतं तेच कागदावर उतरतं, चित्रकाराचं असंच असतं, वगैरे. ते खोटं आहे. मी फोन उघडला. बँकेच्या कामासाठी माझ्या आईचा एक फोटो मी काढला होता, पांढऱ्या भिंतीसमोर, चष्मा काढून, सरळ माझ्याकडे बघताना. तो टॅब्लेटवर घेतला, त्या बाईंच्या चेहऱ्याच्या मापाचा केला आणि डोळे गिरवले. डावी पापणी किंचित उतरलेली आहे, तीसुद्धा तशीच ठेवली. मग खालचा फोटो पुसून टाकला. आई तेव्हा पलीकडच्या खोलीत बाबांना गोळ्या काढून देत होती. तिचा आवाज येत होता.

का केलं ते नीट सांगता येत नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं हे एक कारण. पण तसं असतं तर गिरवल्यावर हात थांबवून मी इतका वेळ बघत बसले नसते. ते डोळे त्या चेहऱ्यात बसले. इतके बसले की मला क्षणभर कळेना, मी कुणाच्या आईचं चित्र काढते आहे.

मुलगी चित्र घ्यायला आली, तिने चित्रावरचा कागद बाजूला केला आणि खुर्चीत बसली. "अगदी आई," म्हणाली. मी थँक यू म्हणाले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी तिने भिंतीवरच्या चित्राचा फोटो पाठवला. चंदनाचा हार घातलेला. हाराच्या वर माझ्या आईचे डोळे. मी फोन टेबलावर पालथा ठेवला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "चहा घेतेस का ग?" आणि मला 'हौ' म्हणायलासुद्धा वेळ लागला. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही असं मी नेहमी म्हणते. तरी त्यानंतर आईला साधा खोकला आला की मी हातातलं काम टाकून तिच्या दारात जाऊन उभी राहायचे.

मग पितृपक्षात त्या मुलीचा फोन आला.

"ताई, आईची अविधवा नवमी आहे. सवाष्ण म्हणून तुमच्या आई येतील का? आमच्याकडे वयाने मोठी सवाष्ण कुणीच उरली नाही. सगळ्या पुण्याला नाहीतर अमेरिकेला."

नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या नवमीला करतात. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवायला बसवतात, ओटी भरतात, पाया पडतात. त्या दिवसापुरती ती गेलेल्या बाईच्या जागी असते. म्हणजे माझ्या आईने त्या चित्रासमोर बसायचं, त्या बाई म्हणून.

"आईचे गुडघे दुखतात," मी म्हणाले.

"खुर्ची देऊ ना ताई. टेबलावर पान मांडू."

मी आईला सांगितलंच नाही. पण मुलीने घरच्या फोनवर फोन केला, तो बाबांनी घेतला आणि होकार देऊन टाकला.

"परस्पर कशाला हो म्हणालात?" मी विचारलं.

"मी जिवंत आहे म्हणून तिला बोलावलंय," बाबा म्हणाले. "यात माझाच मोठा वाटा आहे. येताना पुरणपोळी आणा."

"हौ, रात्री साखर वाढली की मग मला उठवा," आई म्हणाली.

"आई, नक्को जाऊ. इतक्या दूर, ट्रॅफिकमध्ये."

"नवमीचं बोलावणं आहे, पिक्चरचं नाही," आई म्हणाली. "तू का इतकी परेशान झालीस?"

सांगायची हीच वेळ होती. मी विचारलं, साडी कुठली नेसतेस.

त्या घरात पोचलो तेव्हा चित्र समोरच होतं, जेवणाच्या टेबलाच्या नेमकं वर. खाली समई. आईला तिथेच बसवलं, तोंड चित्राकडे. मुलीने तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओटीत खण आणि नारळ घातला. मी दारापाशी उभी राहून आईचा चेहरा बघत होते. इतका वेळ मी तो कधी बघितला नसेन.

आईने वर पाहिलं. चष्मा वर सरकवला. पुन्हा पाहिलं.

"तुमच्या आई अगदी रोखून बघतात हो," ती मुलीला म्हणाली आणि वरणभात कालवायला लागली.

एवढंच. तिने ओळखलं नाही. मला हायसं वाटलं आणि रडूही यायला लागलं, दोन्ही एकदम. स्वतःचे डोळे माणसाला ओळखू येत नाहीत? की मी काढले ते तिचे नव्हतेच?

त्या मुलीचे वडील आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी मला खुणेने बोलावलं.

"बेटा, चित्र तुम्ही काढलं ना?"

"हो."

"छान आहे. डोळे कुणाचे आहेत?"

मी मान खाली घातली. ते घाईने म्हणाले, "नाही, तक्रार नाही. पहिल्या दिवशीच कळलं मला. मुलांना पटलं, मग मी कशाला बोलू? आमची ही संसारभर माझ्याकडे कधी सरळ बघून बोलली नाही. बोलायची भाताच्या पातेल्याकडे बघून. आता रोज सकाळी ही इतकी सरळ बघते की मीच पेपर वर धरतो."

ते हसले. मला हसता आलं नाही.

"माझ्या आईचे आहेत," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की त्यांनी कान पुढे केला. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. "त्या जेवतायत ना, त्यांचे. त्यांना माहीत नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि चंदनाचा हार चित्रावरून काढून घेतला.

"बाबा, काय करताय?" मुलगी म्हणाली. "आज नवमी आहे."

"धूळ बसलीय."

"मग पुसून परत घाला."

"बघू," ते म्हणाले आणि हार हातात घेऊन आत गेले. बाहेर आलेच नाहीत.

परतीच्या रिक्षात आईच्या मांडीवर ओटीचा नारळ आणि बाबांच्या पोळ्यांचा डबा होता. पुलाच्या अलीकडे गाड्या अडकून पडल्या होत्या. आई म्हणाली, "नवमीच्या दिवशी, पान वाढलेलं असताना, त्यांनी हार कशाला काढला असेल ग? काय की, बायकोवर राग असेल."

मग मी सांगितलं. चष्म्यावरचा फ्लॅश, बँकेचा फोटो, गिरवणं, सगळं. रिक्षावाला तेलुगूत फोनवर कुणाला तरी रागावत होता, त्या आवाजाच्या आडून मला बोलता आलं. चित्राला हार घातल्यापासून तुला खोकला आला की भीती वाटायची, हेही सांगितलं.

आईने खोकल्याचं मनावर घेतलं नाही. हाराचंही नाही. ती नारळ दोन्ही हातांनी फिरवत राहिली.

"मला वाटलं, ही बाई माझ्यावर चिडलीय," ती म्हणाली. "तिच्या घरात, तिच्या पानावर जेवतेय म्हणून. मी दोन घास कमीच खाल्ले."

मी तिच्या मांडीवरून घसरणारा डबा धरला.

"मी अशी बघते तुझ्याकडे?"

काय सांगायचं होतं? फोटो बँकेचा होता. हसू नका असं बँकेवाल्यांनीच सांगितलेलं. पण फोटोत तितकं नव्हतं, हे मला माहीत होतं. गिरवताना पापणीची रेघ मीच दोनदा जाड केली होती. तेव्हा ती बरोबर वाटली होती. मी चाळिशी ओलांडली, एकदा संसार मोडून परत आले, मागच्या खोलीत बसून कासवं काढते, आणि ती त्याबद्दल एक शब्द कधी बोललेली नाही. मला वाटायचं, ती बघण्यातून बोलते. आता ती 'मी अशी बघते का' असं विचारत होती, आणि तिचा प्रश्न खरा होता, टोमणा नव्हता.

"काय माहीत," मी म्हणाले. "मला तसं दिसतं."

"अच्छा," ती म्हणाली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. तिच्या वडिलांनी तिला काही सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं.

"मला राग यायला पाहिजे ना, ताई?" ती म्हणाली. "येतोय की नाही तेच कळत नाहीये. मी तिच्याशी रोज बोलते हो. म्हणजे कुणाशी बोलते मी?"

"मी डोळे बदलून देते. खाली बघताना काढते, फोटोत आहेत तसे."

"नको. बाबा हार घालू देत नाहीयेत, आता तुम्ही डोळे काढून नेता..." ती थांबली. "तुमच्या आईंना चालत असेल तर राहू द्या. त्यांना विचारा."

आई मेथी निवडत होती. मी फोनवर हात ठेवून विचारलं.

"राहू दे म्हणावं," ती जुडीतून मान वर न करता म्हणाली. "हार घालायचा तर घाला म्हणावं, त्यांची बाई आहे. फक्त ते रागावलेलं काढून टाक. पोर रोज बोलते म्हणतेस ना तिच्याशी? मग जरा हसून बघतील असे कर."

मी फाईल उघडली. पापणीची रेघ बारीक केली, तर डोळे रिकामे दिसायला लागले. खालची पापणी उचलली, तर कासवाचे झाले. मग फोनमधले आईचे सगळे फोटो शोधले. हसतानाचे पुष्कळ होते. बाबांकडे बघून, शेजारणीकडे बघून, कुणाच्या तरी बाळाकडे बघून. फोन धरणारी सगळीकडे मीच होते, आणि माझ्याकडे बघून हसतानाचा त्यात एकही नव्हता. तिने बघितलं नव्हतं, की तशा वेळी मी बटण दाबलं नव्हतं, ते फोटोवरून कळत नाही.

शेवटी मी बाहेर येऊन तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसले. "आई, इकडे बघ."

तिने मेथी बाजूला ठेवली, पदराने तोंड पुसलं, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"आता हस."

"कशाला हसू?" तिने विचारलं. ती खरंच वाट बघत होती. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले.