हरल्याचा रस्सा

आमच्या मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्यात पत्त्यांचा क्लब आहे. अख्खी गल्ली त्याला कॅसिनो म्हणते. हे नाव आमच्या ह्यांनीच गोव्याला बोटीवरचा कॅसिनो बघून आल्यावर ठेवलं. चार टेबलं, एक पंखा आणि भिंतीवर मारुतीची तसबीर, एवढाच काय तो थाट.

सुरुवातीला तिथं पैशावर रमी चालायची. मग एका बाईनं भर दुपारी येऊन नवऱ्याच्या हातातली पानं हिसकावली आणि गिरणीच्या रांगेतल्या बायकांना वाटून टाकली. ती बाई म्हणजे मी. तेव्हापासून पैसा बंद झाला आणि नियम ठरला, की शनिवारी जो हरेल त्यानं रविवारी सगळ्यांना पांढरा रस्सा खिलवायचा. हरायचे पुरुष आणि रस्सा करायच्या बायका, ते सोडा. आमचे हे तर हरण्यात पटाईत. निम्मे रविवार माझ्याच चुलीवर.

गेल्या दिवाळीनंतर हे गेले. दुपार सरता सरेना. घरी सराव ते माझ्याशीच करायचे, त्यामुळं रमी मला त्यांच्यापेक्षा बरी येते. मला त्यांच्या खुर्चीवर बसून खेळायचं होतं, बास. बाईमाणूस क्लबात कशी, म्हणून मुलगा कुरकुरला. मी चपला घातल्या आणि निघाले.

क्लबाचे अध्यक्ष म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. म्हणाले, "या की वहिनी, तुमचाच क्लब हाय." बसले. पहिला डाव जिंकले, दुसरा जिंकले. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. आधी हुरळले, मग शंका यायला लागली. एवढी काही मी ग्रेट नाही.

तिसऱ्या शनिवारी समोर गुळाचे व्यापारी होते. माझी रमी लागली तसे ते घाईघाईनं आपली पानं गड्डीत मिसळायला लागले. मी त्यांच्या पानांवर हात ठेवला आणि ती उलटी केली. त्यांची रमी पूर्ण लागलेली होती. गडी नुसता धरून बसला होता.

माझं डोकंच फिरलं. "काय लावलाय हा पोरखेळ?"

व्यापारी मान खाली घालून बसले. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, अजून वर्स झालं न्हाय. दुखाच्या घरात हरल्याचं मटण शिजवायला लावायचं व्हय? आम्हास्नीच बरं वाटंना. म्हणून ठरवलं, तुमास्नी हरवायचं न्हाय."

"म्हणजे मी पावणी हाय इथली?" माझा आवाज फाटला, डोळे भरून आले. "इतकी वर्सं माझ्या हातचा रस्सा वरपलासा, तवा नव्हती व्हय मी पावणी? खरं खेळणार असला तर पानं वाटा. न्हायतर ही मी चालले, परत यायची न्हाय."

अध्यक्षांनी पानं पिसली आणि वाटली. त्या डावात माझी कुणी गय केली नाही. मला हवा असलेला बदामचा गुलाम व्यापाऱ्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. मी सपाटून हरले.

अध्यक्षांनी खाकरून घसा साफ केला. "वहिनी, उद्याचा रस्सा तुमच्याकडं. आन् ह्यास्नी बासुंदी." व्यापारी जैन, ते मटणाला शिवत नाहीत. मी आता पाहुणी राहिले नव्हते, माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी मटण शिजत घातलं, नारळ फोडला, खसखस वाटली. मुलानं विचारलं, "आज काय विशेष?"

"हरले," मी म्हटलं.

आजवर ह्यांच्या हरण्याचा रस्सा करत आले, हा माझ्या स्वतःच्या हरण्याचा होता. त्या आनंदात मीठ जरा जास्तच पडलं, आणि ते सगळ्यांनी मला तोंडावर सांगितलं.