मायची गाणी आणि ट्री कमांड

भावनाताई थूल यांच्याशी भांडून कोणी जिंकल्याचं नाचणगावात कोणाला आठवत नाही. शेजारच्या पुलगावात त्यांचं ऑनलाइन दाखल्यांचं दुकान आहे. सर्व्हर बंद पडला की गिऱ्हाईक चिडतं, आणि गिऱ्हाईक चिडलं की ताई त्याच्या दुप्पट चिडतात. पण गेल्या वर्षभरात त्यांचा सगळा राग एकाच माणसावर निघत होता, तो म्हणजे धाकटा भाऊ रत्नदीप.

रत्नदीपचा साउंड सिस्टीमचा धंदा. लग्न, जयंती, वाढदिवस, काहीही असो, त्याचे स्पीकरचे बॉक्स लागायचे. आई, अन्नपूर्णाबाई, त्याच्याकडेच राहायची. कापूस वेचताना बायांनी जुळवलेली गाणी, बाबासाहेबांवरची गाणी, पाळणे, सगळं तिला तोंडपाठ. ती आजारी पडली तेव्हा भावनाताईंनी दर रविवारी जाऊन तिची गाणी मोबाइलमध्ये भरली. दिवाळीत मोबाइल भरला, तेव्हा ती सगळी रत्नदीपच्या कॉम्प्युटरमध्ये टाकली आणि मोबाइल रिकामा केला. त्यासाठी ताईंनी ‘माय’ नावाचं एक फोल्डरही केलं होतं.

आई गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी ताईंनी ते फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं.

जेवणाची पंगत बसली होती. ताई सगळ्यांसमोर ओरडल्या, “रत्न्या, मायचा आवाज पुसला तू! तुह्या त्या धांगडधिंग्याले जागा पाहिजे होती ना?”

“म्या हातबी नाई लावला, ताई.”

“चोर त चोर, अन् वरून खोटारडा!”

रत्नदीप पंगतीतून उठला तो जेवलाच नाही. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बोलणं झालंच तर नातेवाइकांमार्फत, आणि तेही टोमण्यांचं. मावशी सुमित्राबाईंनी दोन्हीकडे निरोप नेऊन नेऊन शेवटी हात टेकले.

वर्षश्राद्ध बौद्धांत नसतं, पण पहिला स्मृतिदिन करायचा होता. त्यानिमित्त सुमित्राबाईंनी ताईंना जवळजवळ ओढतच माहेरी नेलं. “आखरी एक बार पाहून घे त्या डबड्यात,” त्या म्हणाल्या, “नाई भेटलं त मंग जिंदगीभर शिव्या देजो त्याले.”

रत्नदीपने खोलीचं दार उघडलं आणि तिथेच चौकटीला टेकून उभा राहिला. “बस. पाह्य. माह्यं काई मिटवू नको फक्त.”

“मले शिकवू नको.”

ताईंनी शोधून पाहिलं. ‘माय’ टाकलं, ते रिकामं फोल्डर तेवढं आलं. गाण्यांना मोबाइलने नुसते आकडे नावं म्हणून दिले होते, आणि त्या कॉम्प्युटरात डीजेची गाणी हजारोंनी. एका फोल्डरात दुसरं, त्यात तिसरं, त्यात पुन्हा ‘न्यू फोल्डर’. किती उघडले, किती राहिले, कळेना. मागून रत्नदीप म्हणाला, “झालं? का अजून आरोप करायचा बाकी हाय?”

त्या रागाच्या भरातच ताईंना पुलगावची कॉम्प्युटर क्लासची खोली आठवली. बारावीनंतरची गोष्ट. तेव्हा माउस सगळ्यांच्या वाट्याला यायचा नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे. त्यात एक हुकूम होता, ‘ट्री’. तो दिला की कोणत्या फोल्डरात कोणतं फोल्डर आहे ते फांद्यांसारखं समोर मांडून यायचं. कित्येक वर्षांत त्यांनी तो वापरला नव्हता. आजच्या कॉम्प्युटरात तो असेल का, याचीही खात्री नव्हती.

त्यांनी काळी खिडकी उघडली आणि ‘ट्री’ची चार इंग्रजी अक्षरं मारली.

पडद्यावर नावं भराभर वर सरकली. मग त्यांनी एकेक पान थांबवत वाचायला घेतलं. मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली होती, इंग्रजी अक्षरांतली नावं तेवढी धड दिसत होती. वरात, त्याखाली हळद, त्याखाली रिमिक्स, रिमिक्सखाली जुनी रिमिक्स. आणि त्याच्याही आत, इंग्रजी अक्षरांत, ‘भावना मोबाइल’.

ताईंचा हात थांबला. ते नाव त्यांनी स्वतः दिलेलं होतं. दिवाळीत घाईघाईने वायर लावून, समोर जी खिडकी उघडी होती तिच्यातच त्यांनी सगळं ओतलं होतं. ‘माय’मध्ये काही टाकायचंच राहून गेलं होतं.

“भेटलं?” रत्नदीपने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. त्याला त्या काळ्या पडद्यातलं काही समजत नव्हतं. ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, “भेटलं. म्याच टाकलं होतं भलतीकडं.”

“मंग पंगतीत चोर काऊन म्हनलं मले?”

ताईंनी पहिलं गाणं लावलं. आईचा आवाज आला, दमलेला पण सुरात. दोन कडवी झाली आणि मागे भांडण ऐकू यायला लागलं. पंखा बंद कर, नको करू, असं हीच दोघं. आई गाता गाता थांबली. “तिकडं जाऊन भांडा नं रे,” म्हणाली, आणि पुढचं कडवं उचललं.

सुमित्राबाईंनी डोळ्यांना पदर लावला. रत्नदीप जवळ आला, पण ताईंकडे न बघता.

“एवढं भांडन कापून टाक. स्मृतिदिनाले लावायचं हाय.”

“नाई कापायचं. मायचं बोलनं हाय त्यात.”

“गावासमोर आपलीच इज्जत जाईल.”

“जाऊ दे. म्या चोर म्हनलं तेबी गावासमोरच म्हनलं होतं.”

ही माफी होती की नाही, ते रत्नदीपला कळलं नाही, आणि ताईंनी सांगितलंही नाही. त्यांनी सगळी गाणी पेन ड्राइव्हमध्ये घेतली. या वेळी फोल्डर उघडून आत गाणी आहेत याची खात्री केली, आणि चहा न घेता निघाल्या.

स्मृतिदिनाला विहारासमोर रत्नदीपचेच बॉक्स लागले. ते गाणं त्याने न कापता लावलं. ताई बायांमध्ये बसल्या होत्या. भांडण ऐकू आलं तसे लोक हसले. ताई हसल्या नाहीत, रत्नदीपही नाही. जेवणात त्याने त्यांच्या पानात भाजी वाढली आणि पुढच्या पानाकडे सरकला. अजूनही दोघं एकमेकांकडे जात नाहीत. सुमित्राबाई मात्र म्हणतात, आता निरोप न्यायला निदान शिव्या तरी नसतात.