कुत्र्याच्या शेजारी

तो मुंबईला जायच्या शेवटच्या सकाळीही आम्ही तिघांनी कल्याणच्या तळ्याकाठी रोजच्यासारखे जोर काढले: तळ्यावर ओळख झालेला तो तरणा गडी, त्याचा कुत्रा आणि मी.

आधी, बायको गेल्यापासून, मी तिथं नुसता बसायचो. अन्न गोड लागत नव्हतं. तो गडी जोर काढायचा नि कुत्रा शेजारी पाय ताणून वाकायचा.

"कुत्रा तुझ्यापेक्षा बरा वाकतो रे," मी म्हणालो.

"मग त्याच्या शेजारी लागा, बाबा. तो नवख्याला हसत नाही." तेव्हापासून मीही लागलो.

पुढं त्याला मुंबईच्या गिरणीत काम लागलं. खोलीवर कुत्रा चालेना, म्हणून मला दिला. "जोर काढल्याशिवाय हा भाकरीला तोंड लावत नाही," एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर दुसऱ्या सकाळी मी भाकरी पुढं केली. कुत्र्यानं हुंगलीही नाही, पाय ताणून माझ्याकडं बघत राहिला. मी शिव्या घालत धोतर खोचलं नि वाकलो. मग अर्धी त्यानं खाल्ली, अर्धी मी. गोड लागली.