अंगठ्याजवळचे दोन वेढे

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या लकडगंजात, लाकडाच्या बाजारात, दाराची चौकट बघत होतो. दुकानदाराला थांब म्हणालो, आणि थोड्या वेळाने चौकट पसंत करूनच निघालो. अशा वेळी माणूस काय करेल याचा नेम नसतो... सुधाकरला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. दीड महिना झाला त्याला.

आम्ही शाळेपासूनचे मित्र. नरखेडकडे त्याच्या वडिलांची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका होती. खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून पट्टी बांधायचं काम सुधाकरचं. घट्ट बांधली तर डोळा गुदमरतो, सैल बांधली तर सुटतो. त्याच्या हातचं कलम सहसा मरत नसे. पुढे लग्न झालं. मालतीवहिनी नर्स, त्यांना डब्लिनच्या एका दवाखान्यात नोकरी लागली आणि हा मागोमाग गेला. तिथे बॉक्सिंगच्या तालमीत फरशी पुसायला लागला. एक दिवस बॉक्सरांच्या हाताला पट्ट्या बांधणारा माणूस आला नाही, म्हणून यानं बांधल्या. त्यानंतर डॅनी नावाच्या आयरिश बॉक्सरनं दुसऱ्या कुणाला आपल्या हाताला हात लावू दिला नाही.

डॅनी तेव्हा लहानसहान हॉलमध्ये, दुसऱ्यांच्या मोठ्या लढतींआधी लढायचा. हरला, पुन्हा उभा राहिला, मग जिंकत गेला. सुधाकर फोनवर त्याच्याबद्दल असं बोलायचा, जणू घरची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत उतरली आहे. आठ वर्षांनी किताबाची लढत मिळाली. त्या दिवशी पट्टी बांधताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड तडकल्याचं सुधाकरच्या बोटांना कळलं. तो बोलला नाही. बोलला असता तर लढत रद्द झाली असती. चौथ्या फेरीत तो हात मोडला. डॅनी हरला आणि पुन्हा कधीच लढला नाही.

वर्षभरात सुधाकर-वहिनी नागपूरला परतले. हा शहराला लागून असलेल्या वाडीत एका गोदामावर देखरेखीला लागला. सुट्टीत आम्ही गावी जायचो. त्याचा पुतण्या कलमं बांधायचा, हा बांधावर बसून नुसता बघायचा.

"तू काहून नाई बांधत गा?" मी एकदा विचारलं.

"माह्या हातानं एका माणसाचं वाटोळं झालं. झाडाचं कायले करू?"

मला ते जरा नाटकी वाटलं, आणि तसं मी म्हणालोही. आता त्याचा पस्तावा होतो.

तेरवीनंतर दोन दिवसांनी डॅनीचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला. तो म्हणाला, हाड दुखावलंय हे मला आधीच माहीत होतं. सुधाकरला कळलं तर तो बांधणार नाही, म्हणून लपवलं. पण त्या दिवशी अंगठ्याजवळ दोन वेढे जास्त पडले, तेव्हा समजलो, याला कळलंय. मग मीही गप्प बसलो... नंतर फोन करायचं तोंड राहिलं नाही.

वहिनींनी फोन ठेवला. मग मला म्हणाल्या, "एवढं सांगाले त्याले बारा वर्सं काहून लागली, भाऊजी?" मला डॅनीचा राग आला, सुधाकरचाही.

वहिनींनी कपाटातून बिस्किटाचा डबा काढला. लढतीनंतर पट्टी कात्रीने कापून काढतात. डॅनीच्या उजव्या हाताची ती सुधाकरने जपून आणली होती. मुठीचा आकार अजून तसाच आहे, वर लढतीआधी पट्टी तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही आहे. कापलेल्या कडेला थर दिसतात. मी मोजले. अंगठ्याजवळ दोन जास्त आहेत.