शेळपवाडीची माणसं मांद्र्याला जमली तेव्हा

आमचं घर उतरवलं त्या दिवशी सगळ्यात आधी कौलं खाली आली. दादा छपरावर होता, बाबा शिडीवर, आणि खाली आई नि मी. एकेक कौल हातातून हातात यायचं आणि आम्ही ते अंगणात उभं रचून ठेवायचो. धरणाचं पाणी अजून वाडीत शिरलं नव्हतं, पण येणार हे ठरलेलं होतं. सामान न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याने बिडी पेटवत विचारलं, "झाला काय घर मोडून?" बाबा शिडीवरूनच म्हणाले, "घर मोडूचा नसता, उतरवूचा असता." आणि त्यांनी पुढचं कौल खाली दिलं.

दुपारपर्यंत वासे, दारं, चौकट, देव्हारा सगळं टेम्पोत चढलं. राहिल्या त्या मातीच्या भिंती आणि शेणाने सारवलेली जमीन. टेम्पो निघाला तेव्हा मी मागे वळले, तर आईने माझी मान धरून पुढे केली. "मागे बघू नको, ठेच लागात." टेम्पोत बसलेल्या माणसाला ठेच कशी लागेल, हे तेव्हा मनात आलं, पण विचारलं नाही. मी तेव्हा बारावी नुकती पास झाले होते.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, शेळपवाडीच्या माणसांनो. कोण पुनर्वसन वसाहतीतल्या प्लॉटवर राहिलात, कोण म्हापशाला गेलात, कोण मुरगाव बंदरात कामाला लागलात. तिळारीच्या खोऱ्यातली आपली वाडी लहान, पण ती एकाच जागी उतरली नाही. ज्याला जिथे जमीन मिळाली, काम मिळालं, तिथे तो गेला. वर्षानुवर्षं ज्यांच्या घरातलं मीठ न विचारता आणलं, त्यांचा पत्ताही आपल्याला माहीत राहिला नाही.

दादा डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर लागला आणि वर्षभरात मीही त्याच्या मागोमाग गेले. कुसुमबाय नावाच्या बाईच्या घराच्या मागच्या बाजूची खोली आम्ही भाड्याने घेतली. पहिल्याच संध्याकाळी कुसुमबायने हाक मारली, "जनेल धांप गो, मोस येतले." मी हातातला तांब्या घेऊन तशीच उभी. मोस म्हणजे डास हे तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं, जनेल म्हणजे खिडकी हे तिने स्वतः येऊन ती लावली तेव्हा कळलं. मग हळूहळू सगळंच कळत गेलं. सकाळी भोंगा वाजवत येतो तो पाववाला म्हणजे पोदेर, त्याच्याकडचा कोंड्याचा पाव म्हणजे पोय, बसायची खुर्ची म्हणजे कदेल. आमच्या वाडीपासून डिचोली जेमतेम एका तालुक्याच्या अंतरावर. राज्य मात्र दुसरं, गोवा.

मला औषधांच्या दुकानात काम मिळालं. काउंटरवर मी तोंड उघडलं की समोरचा माणूस हसून गाव विचारायचा, "तूं खंयची गो?" त्यात वाईट हेतू नसायचा. पण मी बोलते ते कोकणीवाल्यांना मराठी वाटायचं आणि मराठीवाल्यांना कोकणी. गोव्यात या दोन भाषांवरून माणसं केवढी तावातावाने बोलतात ते मी दुकानात रोज ऐकायची, आणि गोळ्यांच्या पाकिटांवर तारखा बघत गप्प राहायची. कारण माझ्या बोलीची बाजू घेणारं तिथे कुणीच नव्हतं. मीही नव्हते. मी पुस्तकी मराठी बोलायला लागले. इतकी, की आईबाबा राहत त्या वसाहतीत फोन केला की आई म्हणायची, "बाय, कोणाशी बोलतंस? मी तुझी आवस."

पुढे माझं लग्न झालं. नवरा, संदेश, डिचोलीचाच. वायरिंगची कामं करतो. आमचं घर झालं, मुलगी झाली. खाणी बंद पडल्या तेव्हा दादाने ट्रक सोडला आणि मिनीबस चालवायला घेतली. आपण रुजलो, असं मी मनाशी म्हणायची. आणि त्याच काळात एका मैत्रिणीने मला फोनवरच्या एका लिहिणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घातलं.

ग्रुपचे प्रमुख होते मुकुंद सर, पेडण्याचे निवृत्त शिक्षक. बहुतेकजण टोपणनावाने लिहायचे. 'सुरंगी' नावाची एकजण कविता लिहायची, इतक्या हळव्या, की मला ती कुणी साठीची एकटी बाई वाटायची. मी 'काठावरची' हे नाव घेतलं आणि दोन महिने नुसती वाचत राहिले. मग एका रविवारी, मुलगी झोपलेली असताना, शेळपवाडीतल्या वरच्या पहिल्या घराबद्दल लिहिलं. त्या घरातली म्हातारी कशी बोलायची, ते तिच्याच बोलीत लिहिलं, कारण दुसऱ्या भाषेत ती बोलेचना.

पुढच्या रविवारी दुसरं घर. मग तिसरं. वाडी नदीच्या उतारावर होती, तेव्हा अशी एकेक पायरी उतरत मी लिहितालिहिता नदीकडे निघाले. ग्रुपमधली माणसं वाट बघू लागली. कुणीतरी ते पुढे पाठवलं, त्याने आणखी कुणाला, आणि एके दिवशी एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. "आमच्या घराक उजवीकडे न्हाणी नव्हती, डावीकडे होती. मी बाबल्याची सून. आता म्हापशाक असतंय."

मी तो निरोप दुकानात उभ्याउभ्या वाचला आणि गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी भलतंच काढून दिलं. त्याने परत केलं म्हणून बरं.

त्यानंतर तुम्ही एकेक करून आलात. कुणी चूक काढली, कुणी विसरलेल्या गायीची आठवण करून दिली, कुणी मुरगावहून लिहिलं की घर वाचताना बंदरावरचा भोंगा ऐकूच आला नाही. वाडीतलं प्रत्येक घर मी लिहिलं. फक्त एक सोडून. आमचं.

दिवाळीच्या आधी सरांनी ठरवलं, की एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटायचं आणि आपापलं लिखाण उभं राहून वाचायचं. जागा सुरंगीने दिली. मांद्र्याला समुद्राजवळ तिचं गेस्टहाउस होतं, आणि सीझन अजून सुरू झाला नव्हता. मला सरांचा फोन आला. "सुनीता, तुझं एक घर ठेवतोय. पण एक सुचवू? मडगाव-फोंड्याकडची जाणकार मंडळी येणारेत. कागदावर चालतं, पण मोठ्याने वाचताना ती बोली कानाला ना धड मराठी, ना धड कोकणी. संवाद प्रमाण भाषेत करून घे. तुझ्या भल्यासाठी सांगतो."

सर वाईट माणूस नव्हेत. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी वर्षभर न कंटाळता सुधारल्या होत्या. म्हणून मी बसले आणि खरंच लिहून काढलं. या वेळी आमचंच घर लिहिलं, स्वच्छ मराठीत. संदेशला वाचून दाखवलं. तो हातातला टेस्टर पुसत ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "हातूंत तुजो बापूय खंय आसा? हो कोण तरी मास्तर उलयता."

बाबांच्या जागी त्याला कुणी मास्तर बोलताना ऐकू आला, तेव्हा मी ते पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. बाबा जसे बोलले होते तसं.

बाबांना बोलवायचं धाडस मात्र होत नव्हतं. वाडी सुटल्यापासून ते तिचं नाव काढत नसत. धरणाच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यालाही कधी गेले नाहीत. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बुडाल्या गावाचा वाचून काय करतलंस?" आणि फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "तू वाच. ह्येंका मी बघतंय."

मांद्र्याला मी आणि संदेश स्कूटरवरून पोचलो. दारात एक तरुण मुलगी उभी होती, कापलेले केस, दंडावर गोंदण, एका परदेशी पाहुण्याला फोनवर फाडफाड इंग्रजीत भाडं सांगत. फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. "काठावरची?" मी मान हलवली. "हांव सुरंगी," ती म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारली. माझी साठीची एकटी बाई सत्तावीसची निघाली. ग्रुपमध्ये सगळ्यांशी भांडणारे एक गृहस्थ प्रत्यक्षात इतके लाजाळू, की त्यांनी आपली कविता पाठ फिरवून म्हटली. आम्ही सगळे एकमेकांकडे पुन्हा पुन्हा बघत होतो, नाव आणि तोंड यांची जोडी लावत.

माडांच्या मधे खुर्च्या मांडल्या होत्या, त्या आम्हाला पुरून उरणार होत्या. उजेड होता तोवरच सुरुवात झाली. दोघांचं वाचन झालं आणि बाहेर रस्त्यावर मिनीबसचा हॉर्न वाजला. तो हॉर्न मी ओळखला. दादाचा.

दार उघडलं आणि माणसं उतरायला लागली. आई उतरली. बाबल्याची सून उतरली, तिच्या मागे तिची पोरं. मुरगावहून आलेले दोघे सख्खे भाऊ, ज्यांना मी लहानपणी पाहिलं होतं आणि आता ज्यांच्या डोक्यावर केस नव्हते. दादाने हे आठवडाभर आधी सगळ्यांना फोन करून जमवलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. शेवटी बाबा उतरले. कडक इस्त्रीचा सदरा, आणि कपाळावर आठी.

खुर्च्या संपल्या. सुरंगीने समुद्रावर पाहुण्यांना ऊन खायला ठेवतात त्या लांब खाटा ओढून आणल्या. आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्या नऊवारी सावरत त्यांवर ओळीने बसल्या. आईने मला हळूच सांगितलं, की येताना हळर्णेजवळ नदी दिसली तेव्हा बाबांनी गाडी थांबवायला लावली. तिथे तिळारीला दुसरं नाव आहे. बाबा खाली उतरून काठाशी उभे राहिले आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "आपलीच."

सरांनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले.  पहिल्या रांगेत मडगावची जाणकार मंडळी, मागे खाटांवर तुम्ही. मी सुरुवात केली ती कौलांपासून. टेम्पोवाला, शिडी, आणि बाबांचं ते वाक्य. ते मी त्यांच्याच आवाजात म्हटलं. म्हणताना मला ऐकू आलं, की मागून दोन-तीन जणांनी ते माझ्याबरोबरच म्हटलं. बाबा त्या दिवशी शिडीवरून बोलले ते शेजारच्या अंगणांतही ऐकू गेलं होतं तर. लोकांनी ते इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं.

मी पुढे वाचत गेले. आमचं अंगण, गडगा म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, आणि तिच्याजवळचा आमचा फणस.

"फणस आमचो," मागून आवाज आला.

सगळे वळले. भिकाजीकाका. आपले खालच्या अंगाचे शेजारी. ऐंशीच्या पुढचे असावेत. मुरगावचे ते दोघे भाऊ त्यांचेच मुलगे; त्यांच्याबरोबर ते उतरलेले मी पाहिलंच नव्हतं. काठी टेकत ते उभे राहिले. "पोरी, बरा लिवलंस. पण फणस आमचो."

सर उठले, काहीतरी शांततेचं बोलणार होते. त्याआधी बाबा उभे राहिले. ज्या माणसाने इतक्या वर्षांत वाडीचं नाव काढलं नव्हतं, तो माणूस त्या माडांमधे ताठ उभा राहून म्हणाला, "तुझो खंयचो, भिकाजी? मूळ माझ्या गडग्याच्या आत होता."

"मूळ आत, फांद्यो भायर. फणस लागत होते ते फांद्यांर."

"आणि पाणी घातला कोणी?"

"फणसाक पाणी घालणारो तू एकटोच बघलंय मी."

खाटांवर हसू फुटलं. मग दोन बाजू पडल्या. बाबल्याची सून बाबांकडून, मुरगावचे भाऊ काकांकडून. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला विचारत होती, "कोणाचा होता मग?" आणि शेजारीण गंभीरपणे म्हणाली, "गडगा कुठून जात होता त्यावर आहे." मी हातात कागद धरून उभी. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. शेवटी आईच म्हणाली, "पोरीक पुरा करूक द्या," आणि वाडी गप्प बसली.

मी पुरं केलं. टाळ्या कधी थांबल्या ते मला आठवत नाही. सर जवळ आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढच्या वेळी तुला सगळ्यांत शेवटी ठेवणार. तुझ्यानंतर उरलेल्यांचं कोण ऐकतो?" मग जरा थांबून, "आणि मी सांगितलं ते ऐकलं नाहीस, ते बरं केलंस."

चहा झाला तेव्हा बाबा आणि भिकाजीकाका एकाच खाटेवर बसलेले होते. काकांच्या काठीने बाबा वाळूत गडगा काढत होते, काका पायाने पुसत होते, आणि बाबा पुन्हा काढत होते. निघताना मिनीबसमधे ते शेजारी बसले.

आता मला दुकानात कुणी विचारलं की मी डिचोलीची म्हणून सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. माझी मुलगी इथली, माझं दार इथलं. पण घर म्हणजे नुसतं दार नव्हे, हे त्या संध्याकाळी मला कळलं. आपण सांगितलेल्यात चूक काढणारं माणूस जिथे आहे ते घर. वाडीवर आज किती पुरुष पाणी आहे ते मला माहीत नाही, पण तिची हद्द अजून ठरायची आहे, आणि ती ठरवायला माणसं हजर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते तेव्हा बाबांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. मी घाबरून उचलला.

"त्या फणसाचा तू नीट लिवलंस नाय," बाबा म्हणाले. "बस. मी सांगतंय. परत लिव."